श्रीपेरुंबुदूर आणि थरारकथेचे वाचक

प्रेम, हेरगिरी आणि बॉम्ब अशा तिन्ही गोष्टी असलेल्या कादंबरीबद्दल वाचक काय म्हणतात, हे अनुवादाच्या कामात राहून बऱ्यापैकी पाठ होते. पहिले मत वेगाबद्दल असते : हातातून खाली ठेववले नाही, किंवा मध्येच रेंगाळले. दुसरे प्रेमकथेबद्दल : काहींना ती उगाच घुसडलेली वाटते, काहींना तिच्यामुळेच पुस्तकात जीव आला असे वाटते. तिसरे मत बहुधा प्रश्न म्हणून येते : हे खरेच असे घडले होते का? मराठी वाचकाला अशा गोष्टींची गोडी जुनीच. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. पण झुंजार खरा होता का, हे कोणी विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. हा तिसरा प्रश्न जिथे टाळता येत नाही, अशा एका गावाबद्दल मला लिहायचे आहे.

श्रीपेरुंबुदूर चेन्नईहून सुमारे चाळीस किलोमीटरवर, बंगळुरूच्या रस्त्यावर आहे. शतकानुशतके त्याची ओळख रामानुजाचार्यांचे जन्मस्थान अशी होती. आता तिथल्या परिसरात मोटारींचे आणि मोबाइलचे कारखाने आहेत. या दोन ओळखींच्या मध्ये २१ मे १९९१ची रात्र येते. लोकसभेच्या प्रचारसभेसाठी आलेल्या राजीव गांधींच्या पाया पडायला धनू नावाची तरुणी वाकली आणि तिने कमरेचा स्फोटकांचा पट्टा उडवला. महिनाभरात पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. ते रामटेकचे खासदार राहिलेले होते आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यांनी तेलुगूत नेली होती. मराठीतून अनुवाद करणारा माणूस दिल्लीच्या सत्तेवर बसला तो या घटनेमुळे, ही गोष्ट माझ्या व्यवसायातल्या माणसाला विसरता येत नाही.

ही घटना लोकांपुढे आली तीच थरारकथेच्या घाटात. हल्ल्याच्या दोन आठवडे आधी याच गटाने मद्रासमध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सभेत रंगीत तालीम केली होती. स्फोटात ठार झालेल्या हरिबाबू या छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत सापडला. त्यातल्या दहा फोटोंनी तपासाला पहिला धागा दिला, कारण त्यांत हातात हार घेतलेली धनू होती आणि कुर्ता-पायजमा घालून पत्रकार म्हणून वावरणारा शिवरासनही होता. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘एकाक्ष’ खलनायक केला. डी. आर. कार्तिकेयन यांच्या विशेष तपास पथकाने त्याचा माग काढला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरूजवळ कोणनकुंटे इथल्या एका घराला वेढा पडला. आत शिवरासन आणि त्याच्या साथीदारांचे मृतदेह मिळाले. तीन महिन्यांत आरंभ, पाठलाग आणि शेवट. कादंबरीकाराला करण्यासारखे काही उरलेच नव्हते, असे वाटावे.

तरीही लिहिले गेले, आणि पडद्यावर तर पुष्कळच आले. १९९८ साली दोन चित्रपट निघाले. मणिरत्नम यांच्या ‘दिल से..’ने कथा ईशान्येकडे नेली, पण नायिकेच्या अंगावरचा स्फोटकांचा पट्टा कुठून आला हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. संतोष सिवन यांच्या तमिळ ‘द टेररिस्ट’मध्ये हल्ल्यासाठी निवडलेल्या मुलीला आपण गरोदर आहोत हे कळते. २०१३ साली शूजित सरकार यांचा ‘मद्रास कॅफे’ आला. त्यात ‘रॉ’चा अधिकारी नायक आहे आणि संघटनेचे नाव बदललेले आहे. तमिळ संघटनांच्या विरोधामुळे तो तमिळनाडूत दाखवला गेला नाही. म्हणजे मुंबई-पुण्यात ज्या चित्रपटावर ‘वेग चांगला आहे’ असे मत देता येत होते, त्यावर ज्यांच्या प्रांतात ती घटना घडली त्यांना थिएटरात बसून काहीच मत बनवता आले नाही. तिथला आक्षेप वेगाला नव्हता. श्रीलंकेतल्या तमिळांची बाजू या कथेत कोण, कोणत्या शब्दांत सांगतो, याला होता.

अशा कथांच्या जाहिरातीत तीन शब्द हमखास असतात : हेर, प्रणय, दहशतवाद. न्यायालयाच्या कागदांशी ताडून पाहिले तर तिन्ही शब्द वेगळेच वजन घेतात.

पहिला, हेर. ‘मद्रास कॅफे’तला नायक कट आधीच हुंगतो आणि थोडक्यात उशिरा पोहोचतो. प्रत्यक्षात गुन्ह्याचा उलगडा केला तो सीबीआयच्या तपास पथकाने, घटना घडून गेल्यावर. फोटो, चिठ्ठ्या, सांकेतिक बिनतारी संदेश आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जुळवलेले चिंध्यांचे तुकडे यांवर ते काम चालले. आधी काय कळायला हवे होते, हे शोधायला न्या. वर्मा आणि न्या. जैन असे दोन आयोग नेमावे लागले. जैन आयोगाच्या अंतरिम अहवालावरून तर १९९७ साली गुजराल सरकार पडले. हेरकथेत गुप्तवार्ता सरकार वाचवते, इथे तिच्यावरच्या अहवालाने सरकार घालवले.

दुसरा, दहशतवाद. पूनमल्लीच्या विशेष ‘टाडा’ न्यायालयाने २८ जानेवारी १९९८ रोजी सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या १९ जणांना सोडले, तिघांना जन्मठेप दिली, चौघांची फाशी कायम केली. याच निकालात न्यायालयाने म्हटले की हा खुनाचा कट होता, पण ‘टाडा’च्या व्याख्येतले दहशतवादी कृत्य शाबीत होत नाही. ज्या घटनेवर आपल्याकडची दहशतवादाची कथा बेतली जाते, ती घटनाच त्या कायद्याच्या व्याख्येत बसली नाही. मात्र ‘टाडा’खाली पोलिसांपुढे दिलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून टिकले. या मुद्द्याकडे पुन्हा यायचे आहे.

तिसरा, प्रणय. वाचक ज्याला ‘उगाच घुसडलेले’ म्हणतात ते इथे एका जिवाच्या प्रश्नापर्यंत गेले. नलिनी ही मद्रासमध्ये नोकरी करणारी तरुणी, मुरुगन श्रीलंकेतून आलेला. दोघे प्रेमात पडले, जून १९९१मध्ये एकत्र पकडले गेले आणि १९९२ साली त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती तिच्या शिक्षेबद्दल एकमताचे नव्हते. न्या. थॉमस यांच्या मते ती मुरुगनच्या प्रभावाखाली ओढली गेलेली, सांगितले तसे करणारी होती. शिवाय बाप फासावर जाणार असताना आईलाही धाडले तर मूल पोरके होईल, म्हणून तिला जन्मठेप पुरे. न्या. वाधवा आणि न्या. क्वाद्री यांनी फाशीच योग्य ठरवली. एकीने तिला प्रेमकथेची नायिका म्हणून वाचले, दुसरीने कटातली जाणती भागीदार म्हणून. दोन विरुद्ध एक असे ते वाचन ठरले. पुढे सोनिया गांधींनी दयेची बाजू घेतली आणि २००० साली तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.

मला या दोन्ही वाचनांत अडचण दिसते. ‘प्रेमात वाहवत गेली’ या वाचनाने तिचा जीव वाचवायला मदत केली असेल, पण त्यात तिची स्वतःची बुद्धी आणि जबाबदारी दोन्ही पुसली जातात. थरारकथेतल्या स्त्रीचेही असेच होते : ती एक तर जाळे टाकते किंवा जाळ्यात सापडते. त्या रात्री श्रीपेरुंबुदूरला तिसऱ्या प्रकारची एक स्त्री होती. पोलीस उपनिरीक्षक अनसूया यांनी धनूला पुढे जाण्यापासून अडवायचा प्रयत्न केला होता. त्या जबर जखमी झाल्या आणि वाचल्या. त्यांना नायिका करावे असे किती पटकथाकारांना सुचले?

आता कबुलीजबाबाकडे. पेररिवालनला पकडले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच्यावरचा मुख्य आरोप नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा होता. सीबीआयचे अधीक्षक व्ही. त्यागराजन यांच्यापुढे त्याने दिलेला जबाब शिक्षेचा मोठा आधार ठरला. त्यागराजन यांनी निवृत्तीनंतर, २०१३ साली जाहीरपणे सांगितले की बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे पेररिवालन म्हणाला होता, आणि ते आपण नोंदवले नाही. जबाब शब्दशः उतरवून घेतले जात नाहीत, असेही ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्याने पेररिवालन निर्दोष ठरला नाही. त्याची फाशी २०१४ साली रद्द झाली ती दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे, आणि १८ मे २०२२ला तो सुटला तो राज्य मंत्रिमंडळाच्या शिफारशीवर राज्यपालांनी निर्णय लांबवल्याच्या मुद्द्यावर. उरलेले सहा जण त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला सुटले. ज्यांची माणसे त्या मैदानात गेली, त्यांना ही सुटका पटली असेलच असे नाही, आणि त्यांच्या बाजूलाही वजन आहे.

पण अनुवादक म्हणून मी त्या न नोंदवलेल्या वाक्यापाशी थांबते. कोणी बोललेले ऐकायचे, त्यातले कामाचे ते ठेवायचे, कथा सरळ पुढे सरकेल असे लिहायचे, ही आमच्याही कामातली रोजची ओढ आहे. संपादक सांगतात, वाचकाला वेग हवा. ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य वेगाला नेहमीच मारक असते. बॅटरी आणली, बॉम्ब झाला, स्फोट झाला, अशी साखळी त्या वाक्याविना अधिक घट्ट दिसते. थरारकथेत ते गाळले तर दोन-चार वाचक एखादे पात्र सपाट आहे म्हणतील. जबाबातून गाळले तर माणूस ३१ वर्षे आत राहतो.

म्हणून वाचकांच्या तीन मतांपैकी तिसरे मला सगळ्यांत मोलाचे वाटते, पण ते थोडे पुढे न्यावे. ‘हे खरेच घडले होते का’ याचे उत्तर श्रीपेरुंबुदूरपुरते सोपे आहे : घडले होते, आणि तिथल्या स्मारकावर २००३पासून लोक जाऊन फुलेही वाहतात. विचारायचे ते हे की सांगणाऱ्याने वेगासाठी कोणाचे कोणते वाक्य सोडून दिले. मराठीत या विषयावर पुढे जे काही येईल, अनुवाद असो की स्वतंत्र, ते हाती घेताना वाचकाने पान पटापट उलटावे, जरूर उलटावे. फक्त एखादे पात्र फारच सहज दोषी ठरत असेल, तर तिथे दोन पाने मागे जाऊन ते स्वतः काय बोलले होते ते शोधावे. ते पुस्तकात नसेल, तर पुस्तकाबद्दलचे मत देताना तेही सांगावे.