रायतूरची सेमिनरी आणि मराठी

मराठीची थोरवी गाणारी फादर स्टीफन्स यांची ओवी वाडीतील आमच्या शाळेत अनेक वर्षे शिकविली जात आहे. कवी इंग्रज होता, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु ज्या वास्तूच्या आश्रयाने त्याचा ग्रंथ मुद्रित झाला, तिचे नाव शिक्षकांसही क्वचितच सांगता येते. ती वास्तू म्हणजे गोव्यातील रायतूरची, ख्रिस्ती समाजाच्या बोलीतील राशोलची, सेमिनरी होय.

रायतूर हे साष्टी प्रांतातील जुवारीकाठचे दुर्गस्थान. १५६७ साली येथील किल्लेदार दियोगु रोद्रिगिश याने साष्टीतील देवालये जाळली, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ते झाकून पुढील इतिहास लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. येशूसंघीयांनी १५७४ साली मडगावास विद्यालय काढले होते. तेथे ते सुरक्षित नव्हते, म्हणून १ नोव्हेंबर १६०६ रोजी रायतूरास नव्या वास्तूचा पाया घालण्यात आला व १६१० मध्ये विद्यालय तेथे स्थिरावले. त्याच १६०६ साली गोव्याच्या धर्मसभेने ठरविले की, लोकभाषा न जाणणाऱ्या पाद्र्याकडे कोणताही धर्मग्राम सोपवू नये. हा नियम भाषाप्रेमातून नव्हे, धर्मप्रसाराच्या गरजेतून आला. पण त्याचा लाभ आपल्या वाङ्मयास झाला.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरास छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवसर. देवनागरी खिळे मिळावेत, अशी इच्छा त्यांनी १६०८ च्या पत्रात व्यक्त केली होती. खिळे आले नाहीत. ओव्या रोमन लिपीतच निघाल्या. १६१९ मध्ये ते निवर्तले. पुढे त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये याच रायतूरास छापले गेले.

मग वारे फिरले. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा साष्टीत व बारदेशात शिरल्या आणि पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉयने लोकभाषेवर बंदी घालून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत ग्रंथ निघाले, तिनेच त्या भाषेचे तोंड दाबले. गुजरातेत राहून मराठी शाळा चालविणाऱ्या आम्हांस याचे मर्म चटकन कळते: संस्थेस भाषेची गरज उरली नाही, की आदर फार दिवस पुरत नाही.

सेमिनरी मात्र टिकली. १७५९ साली येशूसंघीयांची हकालपट्टी झाली. १७६२ पासून ती महाधर्मप्रांताची सेमिनरी झाली आणि गोमंतकीय धर्मगुरूंच्या पिढ्या तेथे घडल्या. आग्नेलु द सोझ हे साधुपुरुष तेथेच आध्यात्मिक मार्गदर्शक होते व १९२७ मध्ये तेथेच वारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषा परतली. ती आता कोंकणी आहे.

'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळुरास ते रोमन लिपीत छापले. आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यास ते देवनागरीत आणले. स्टीफन्स यांनी मागितलेली लिपी त्यांच्या ओव्यांस अशी ३४० वर्षांनी, रायतूरापासून दूर, लाभली.