बकिंगहॅम कालव्यातल्या होड्या

चेन्नईची एमआरटीएस लोकल ज्या काळ्या पाण्यावरून धावते, त्याला लोक नाला म्हणतात. मी त्याला रस्ता म्हणतो. १८०६ च्या सुमारास एन्नोरपर्यंत पोचलेला हा कालवा पुढे आजच्या आंध्रापर्यंत गेला. १८७६-७८ च्या दुष्काळाने आपलं सोलापूर होरपळलं, तसाच मद्रास इलाखाही. तिथल्या भुकेल्या मजुरांनी हा कालवा खणून कूवम आणि अड्यार नद्या जोडल्या. नाव लागलं गव्हर्नर बकिंगहॅमचं.

सपाट बुडाच्या होड्या मीठ, भात, जळाऊ लाकूड आणत. वारा असला तर शीड, नसला तर बांबू, नाहीतर काठावरून दोर ओढणारी माणसं.

१९६५-६६ च्या वादळांनी कालव्याची वाट मोडली. नंतर त्याच्याच पात्रात रेल्वेचे खांब रोवले गेले. शहराची चूल ज्या होड्यांनी पेटती ठेवली, त्यांची वाट शहरानेच बुजवली.