लॉबीतलं रबराचं झाड आणि आयर्लंडचे बटाटे

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक काळं पडून सडलं. पुढच्या काही वर्षांत भूक आणि रोगराईनं सुमारे दहा लाख माणसं गेली. कुणी हवेला दोष दिला, कुणी देवाच्या कोपाला. खरं कारण आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं आणि १८७६ मध्ये त्या सूक्ष्मजीवाला नाव दिलं फायटोफ्थोरा, म्हणजे ग्रीकमध्ये झाडांचा नाश करणारा. दिसायला बुरशीसारखा, पण कुळ वेगळं. आणि त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात!

आपल्या नागपुरी संत्र्याचा डिंक्या रोग याच्याच भाईबंदांमुळे होतो. म्हणून जाणते बागाईतदार दुहेरी आळं करतात, बुंध्याला पाणी लागू देत नाहीत. कुंडीतली मुळं कुजवणारेही बहुतेक याच गोतावळ्यातले. पाणी साचलं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि या मंडळींचं फावतं.

गेल्या पावसाळ्यात आपल्या लॉबीत नेमकं हेच झालं. सोसायटीएवढंच जुनं ते रबराचं झाड, पानं पिवळी पडून गळू लागली. माती ओली आणि झाड मलूल, ही काही तहानेची खूण नव्हे. पण येणारा-जाणारा बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतायचा, प्रेमानंच हो! शिवाय फरशीवर डाग नको म्हणून खाली ठेवलेली ताटली कायम भरलेली. कमिटीत ‘टाकून द्या, नवं आणू’ असं ठरतच आलं होतं. तळमजल्यावरच्या आजींनी महिन्याची मुदत मागून घेतली.

आम्ही चौघांनी झाड कुंडीतून उपसलं. अर्धी मुळं तपकिरी, बुळबुळीत. ओढली की साल हातात यायची, आणि वास तर विचारू नका. पांढरी, टणक मुळं तेवढी ठेवली. बाकीची स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं छाटली, वरच्या फांद्याही कमी केल्या, कारण उरलेल्या मुळांना तेवढा भार झेपला नसता. जुनी माती फेकली. नवीन मातीत वाळू आणि कोकोपीट मिसळून झाड मातीच्या, तळाला भोक असलेल्या, जरा लहान कुंडीत लावलं.

तीन आठवडे काहीच नाही. मग शेंड्याला लाल टोपी घातलेला कोंब दिसला.

कुंडी आता जिन्याजवळ विटांवर ठेवली आहे. माळीकाका बोटाची दोन पेरं मातीत घालून बघतात, कोरडं लागलं तरच पाणी. ताटली आजींनी घरी नेली आहे.