बार्शीची कर्करोग नोंदणी

ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली भारतातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. मुंबईत अशी नोंद साठच्या दशकापासून होत होती. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, पण त्यातही सुरुवातीचे आकडे शहरांचेच होते. बार्शीत १९८२ पासून नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय होते. त्याच्या आधाराने बार्शी तालुका आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुके नोंदणीखाली आले.

शहरात नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतले कागद आणि मृत्यूचे दाखले तपासतात. इथे ते पुरेसे नव्हते. पुष्कळ रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसत, आणि गावच्या मृत्यूनोंदीत आजाराचे नेमके नाव क्वचितच असे. म्हणून कर्मचारीच गावोगाव फिरू लागले. जाणत्या माणसांना भेटायचे, बैठका घ्यायच्या, न भरणारी जखम, गिळताना होणारा त्रास, अंगावरून अवेळी जाणारे रक्त ही लक्षणे सांगायची आणि संशय येईल त्याला तपासणीसाठी बार्शीला आणायचे. नोंद आणि लोकशिक्षण एकाच फेरीत होई. बार्शीने घडवलेली ही पद्धत नोंदणीच्या आकड्यांइतकीच मोलाची आहे.

आकड्यांनीही नवे चित्र दाखवले. कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी होते, पण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जागृतीनंतर या रोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या टप्प्यावर उपचारांना येऊ लागल्याचे दिसले.

या परिसरातल्या ओळखीवरच पुढचे मोठे काम उभे राहिले. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या अभ्यासात आल्या. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे उस्मानाबाद आणि बीड हे जिल्हेही राष्ट्रीय नोंदणीत आले. नोंदी आता संगणकावर जातात. मात्र कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे यंत्राला गावच सांगते.