काळ, तंत्र आणि मागणी : कर्नाटकाची दोन वीजभाकिते

बंगळूरच्या कोरमंगला वस्तीत घरांच्या गच्च्यांवर सौर बंब दिसतात. अंघोळीचे पाणी तापते, पण त्यापुरती वीज खर्च होत नाही. ऊर्जेच्या मागणीचे प्रतिमान रचणाऱ्याने ही अंघोळ कोठे मांडावी? प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो आख्यानाचा आहे. भविष्याच्या कथेत कर्तेपण कोणाकडे द्यावयाचे, हे त्यावरून ठरते.

कर्नाटकाच्या वीजप्रकल्पांच्या दीर्घकालीन आराखड्याने १९८७ साली इ. स. २००० ची गरज सुमारे ४,७५० कोटी युनिट व ९,४०० मेगावॉट अशी वर्तविली. गतकाळातील वाढ पुढे ओढीत नेण्याच्या या रीतीत काळ हाच कर्ता असतो.

भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये निराळी मांडणी केली. त्यांच्या ‘डिफेन्डस’ पद्धतीत आरंभ विजेपासून नव्हे, तर उजेड, पाणीउपसा, गरम पाणी अशा उपयोगांपासून होतो. वापरणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकी लागणारी ऊर्जा यांचा गुणाकार म्हणजे मागणी. तांत्रिक प्रगती यातील दुसऱ्या पदात शिरते. कार्यक्षम पंप, कमी विजेचे दिवे व सौर बंब जमेस धरता २००० सालचा आकडा सुमारे १,७९० कोटी युनिट व ४,००० मेगावॉटवर आला. त्यात सर्व घरांचे विद्युतीकरणही गृहीत होते, हे विशेष.

अर्थात प्रगतीने मागणी घटतेच असे नाही. इंजिने काटकसरी झाली की कोळशाचा खप उलट वाढतो, असे जेव्हन्स यांनी १८६५ सालीच प्रतिपादिले होते. मात्र वाचलेली वीज अंधाऱ्या घरात पोहोचली, तर त्या वाढीला प्रतिमानाचे अपयश म्हणता येणार नाही.

फुगलेल्या भाकिताची किंमत अखेर ग्राहकावर पडते. पुण्याच्या ‘प्रयास’मधील गिरीश संत व शंतनु दीक्षित यांनी २००० साली महाराष्ट्राच्या वीजनियोजनाचा किमान खर्चाच्या दृष्टीने अभ्यास केला, तेव्हा दाभोळचा वाद चालूच होता. २००१ साली तेथील निर्मिती थांबली.

कर्नाटकाने २००७ साली ठराविक आकाराच्या नव्या घरांना सौर बंब बंधनकारक केले. म्हणजे प्रतिमानातील एक रकाना बांधकामाचा नियम झाला. तांत्रिक प्रगती काळाबरोबर आपोआप येत नाही, ती कोणीतरी ठरवावी लागते. कोरमंगलाच्या गच्च्या पाहताना हे ध्यानात ठेवावयास हवे.