रस्ता बांधणारे आणि रस्ता राखणारे

जुलै २०२३ मध्ये आमच्या जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात जो पाऊस झाला, तो इथले लोक अजून विसरलेले नाहीत. सातपुड्यावरून उतरलेल्या पाण्याने शेतं खरडून नेली, घरांत पाणी शिरलं, रस्ते तुटले. त्यानंतर आठवडाभर माझ्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे होते. दहावीची एक मुलगी नाल्यापलीकडच्या गावातून येते. ती शाळेत आली तेव्हा मी विचारलं, "पूल वाहून गेला का?" ती म्हणाली, "नाही सर, पूल उभाच आहे. पुलाला लागून असलेली माती गेली."

घरी येऊन हे अब्बांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मोरी साफ केली नसेल." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकडे गेलो. मोरीच्या तोंडाशी बेशरमची झुडपं, प्लॅस्टिक आणि गाळ अडकला होता. पाण्याला खालून वाट मिळाली नाही, म्हणून त्याने बाजूने काढली.

अब्बांना न पाहता हे कळलं, कारण त्यांची सगळी नोकरी रस्त्यावर गेली. ते मैलकुली होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसतो. ठरावीक लांबीचा रस्ता एका टोळीकडे सोपवलेला असे, टोळीवर एक मुकादम असे. पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंचे चर उघडायचे, मोऱ्या साफ करायच्या, साईडपट्टीवर मुरूम टाकून ती रस्त्याच्या पातळीला आणायची, खड्डा टोपलीएवढा असतानाच बुजवायचा, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा. कुदळ, फावडं, घमेलं एवढीच हत्यारं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे आधी लक्ष जातं. रस्ता आणि पूल हे शब्द फारसीतून आले. मुकादम अरबी. मैल इंग्रजांबरोबर रूढ झाला. आपल्या रस्त्यावरून कोण कोण गेलं, याची नोंद भाषेने अशी ठेवली आहे.

शाळेच्या पुस्तकात शेरशाह सूरीचं नाव मोठ्या रस्त्यांसाठी येतं. त्याची कारकीर्द अवघी १५४० ते १५४५. अकबराच्या काळातला इतिहासकार अब्बास खान सरवानी लिहितो, की शेरशाहने आग्र्यापासून दख्खनच्या सीमेवरच्या बुऱ्हाणपूरपर्यंतही रस्ता केला. हे बुऱ्हाणपूर आपल्यापासून फार लांब नाही. दर दोन कोसांवर सराय, दोन्ही बाजूंना फळझाडं, सरायीत विहीर, हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांसाठी वेगळी सोय, हिंदूंच्या जेवणाखाण्यासाठी ब्राह्मण नेमलेले. हे आपण मुलांना सांगतो. पण सरवानीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी सहसा सांगितली जात नाही. सरायीच्या खर्चासाठी जवळची जमीन लावून दिलेली होती. म्हणजे बांधतानाच तिला पुढे कोण सांभाळणार आणि पैसा कुठून येणार, हे ठरलेलं होतं.

शेरशाहची सत्ता वऱ्हाडात पोहोचली नाही. मोगल आले ते अकबराच्या शेवटच्या काळात. आईन-ए-अकबरीत आपलं जळगाव नरनाळा सरकारातला परगणा म्हणून येतं. नरनाळ्याचा किल्ला आजही सातपुड्यात अकोटच्या वर उभा आहे.

आपल्या भागात रस्त्यांची खरी घाई झाली ती कापसामुळे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. जळगाव जामोदला मात्र रूळ आले नाहीत, आजही नाहीत. आपल्याला पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला नाहीतर खामगावला जावं लागे. ज्याच्या दारात रेल्वे नाही, त्याचं सगळं रस्त्यावर अवलंबून असतं. १९०५ मध्ये आपला तालुका अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात घातला, पण पूर्णा मध्ये राहिलीच.

आणि इथली जमीन कशी? काळी. जी माती कापूस पिकवते, तीच रस्ता खाते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकली की भेगाळते. वर कितीही चांगलं डांबर टाका, खालची जमीन वर्षातून दोनदा हलली की वरचा थर तडकतो. तडकलेल्या जागेतून पाणी आत जातं, मग चाकाखाली खड्डा होतो. त्यात आपला पूर्णाकाठ म्हणजे खारपाणपट्टा, इथे पाण्याचा निचरा आधीच मंद. म्हणून इथे रस्त्याचं आयुष्य डांबरापेक्षा बाजूच्या चरावर जास्त ठरतं. अब्बा इंजिनीअर नव्हते, पण म्हणायचे, "रस्त्याला पाण्यापासून वाचव, मग तो गाड्यांपासून स्वतः वाचतो."

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि जुने खडीचे रस्ते उखडू लागले. प्रांतांकडे पैसा नव्हता. १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष एक मराठी बॅरिस्टर होते, मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सुचवलं, की पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. जो रस्ता झिजवतो, त्याने रस्त्यासाठी द्यावं. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. शेरशाहच्या सरायीला लावून दिलेल्या जमिनीचीच मला ही नवी आवृत्ती वाटते. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आपल्या विदर्भात, नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या 'नागपूर प्लॅन'ची. शेतीच्या चांगल्या भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे त्यात ठरलं.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात हजारो बायाबापड्यांनी हाताने खडी फोडली, सुकडी खाऊन रस्त्याची कामं केली. आज आपण ज्या ग्रामीण रस्त्यांवरून जातो, त्यातल्या कितीतरींच्या तळाशी ती खडी आहे.

आता काळ वेगाचा आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनीजमध्ये नोंद झाली, आधीचा विक्रम कतारचा होता. आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. याचा मला आनंदच आहे. मी स्वतः त्या जुन्या अकोला रस्त्यावर कंबर मोडून घेतली आहे. पण पाच दिवसांत रस्ता टाकणाऱ्यांचा विक्रम नोंदवता येतो. तीस वर्षं एकच रस्ता राखणाऱ्याची नोंद कुठल्या पुस्तकात करायची?

अब्बा निवृत्त झाले, त्यांच्या टोळीतले एकेक जण निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आता काम ठेकेदाराकडे असतं. ही पद्धत मुळात वाईट नाही. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर पाच वर्षांची देखभाल बांधकामाच्या करारातच घातलेली आहे. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर ते लिहिलेलं असतं. आपण त्या फलकाजवळ एसटीची वाट पाहतो, पण तो वाचत नाही. वाचकहो, एकदा वाचा. रस्ता कधी पूर्ण झाला, देखभाल कोणत्या वर्षापर्यंत आहे, ते वहीत लिहून घ्या. मग ग्रामसभेत उद्घाटनाबद्दल नाही, मोरीबद्दल विचारा. पाच वर्षांनंतर कोण, हेही विचारा.

लहानपणी मक्तबमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे. मला तेव्हा काटा किंवा दगड डोळ्यांसमोर यायचा. आता गाळाने भरलेली मोरी येते.

२०२४ मध्ये मृगाच्या आधी त्या गावातल्या आठ-दहा जणांनी मिळून ती मोरी मोकळी केली. अब्बा काठी टेकत काठावर उभे राहून सूचना देत होते. त्या पावसाळ्यात मुलगी एकही दिवस गैरहजर राहिली नाही. पण मोरी पुन्हा भरते, दर वर्षी भरते. परतताना अब्बांनी विचारलं, "पुढच्या साली कोण करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.