बापाचं वावर आणि कलम 14

राज्यघटनेतलं कलम 14 वाचायला सोपं आहे. कायद्यापुढे सगळे समान. पण ते वावरात उतरलं की काय होतं, हे बघायला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या.

समजा, केळापूर तालुक्यात दोन शेजारी वारले. एक कुणबी, एक गोंड. दोघांनाही एक मुलगा, एक मुलगी. कुणब्याच्या मुलीच्या बाजूने 1956 चा हिंदू वारसा कायदा आहे. 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित जमिनीतही ती भावाच्या बरोबरीला आली. (महाराष्ट्राने हे 1994 सालीच केलं होतं, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून!) प्रत्यक्षात ती हक्कसोडपत्रावर सही करते. माहेर तुटायला नको ना. माझ्या दोन्ही आत्यांनी 'स्वखुशीने' हक्क सोडल्याचं आमच्या कागदावर लिहिलंय. त्याच जमिनीतलं दीड एकर विकून माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली. ती खुशी किती, ते आजवर कुणी विचारलेलं नाही. असो. निदान त्यांची सही तरी लागली.

गोंडाच्या मुलीची सहीही लागत नाही. त्याच कायद्याचं कलम 2(2) सांगतं की केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. हेतू चांगला असेल, जमातींच्या रूढी जपायच्या. पण रूढी कोणती, हे सांगणार कोण? आमच्या धंद्याच्या भाषेत, एक्सेप्शन टाकलं आणि हँडल करायचं राहिलं.

गंमत म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 4(4) प्रमाणे, वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. म्हणजे तीच बाई जंगलाच्या पट्ट्यावर हक्कदार, आणि बापाच्या वावरात पाहुणी!

17 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाचा निकाल दिला. आईचा वाटा मागणाऱ्या वारसांना खालची कोर्टं म्हणत होती, बायकांना वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा. सुप्रीम कोर्टाने प्रश्नच उलटा केला. मिळत नाही अशी रूढी तरी कुणी सिद्ध केलीय? नसेल, तर कलम 14 प्रमाणे समान वाटा.

मला हा निकाल फार आवडला. तरी 2(2) जागेवरच आहे. डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने केंद्राला त्यावर विचार करायला सुचवलं होतं. तोवर फेरफाराच्या वेळी तलाठ्यापुढे वारसांची नावं सांगायला घरातून जातो तो बहुतेक भाऊच.